सुईचं म्हणणं

मिऱ्याची वाळू काळी,
हे आम्हाला पुस्तकातून नाही, तळपायातून ठाऊक होतं.
दुपारी ती पांढरीपेक्षा जास्त भाजते.

बिर्जे बाईंनी फुटक्या स्पीकरचा चुंबक आणला,
प्लास्टिकच्या पिशवीत घातला
("नायतर जन्मभर पुसत बसाल")
आणि वाळूतून ओढला.
कण ताठ उभे राहिले,
भिजल्या अंगावर वाऱ्याने काटा यावा तसे.

मग वर्गात, कागदाखाली चुंबक, कागदावर वाळू.
बोटाने टिचकी मारली
आणि कणांनी रेघा धरल्या,
या टोकाकडून त्या टोकाकडे,
खाडीच्या तोंडाशी ओहोटी वळते तशा वाकड्या.
"या मी नाही काढल्या," बाई म्हणाल्या.
फरझाना सोलकर म्हणाली, "मग आधी कुठं होत्या?"
बाई हसल्या. उत्तर दिलं नाही.

बुधवारी एक सेल, एक तार, एक होकायंत्र.
तार दक्षिणोत्तर, सुईच्या वरून.
जोडल्याबरोबर सुई दचकली.
मला वाटलेलं ती तारेकडे झेपावेल,
वाळू झेपावली तशी.
ती निघाली आडवी.
तार सुईखाली घातली तर दुसऱ्या बाजूला आडवी.
सोडवली, तर काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने उत्तरेला.

म्हणजे तारेतून वीज चालते तेव्हा
तिच्याभोवती काहीतरी असतं गोल,
मनगटाभोवती बांगडी असावी तसं.
आपल्याला दिसत नाही.
सुईला कळतं.

त्याच महिन्यात आमची होडी
रात्री परतताना सारखी कालबादेवीच्या अंगाला जायची.
दिवसा बरोबर. रात्री चुकायची.
"पाण्याचा प्रवाह बदललाय," बंदरावर सगळे म्हणाले.
कुणी म्हणालं नारळ द्या. बाबांनी दिला.
होडी पुन्हा कालबादेवीला.

मी आणि फरझाना शाळा सुटल्यावर होडीत चढलो.
पहिल्यांदा आम्ही टेप उचलून लांब ठेवला,
त्यात चुंबक असतो म्हणून. सुई जागची हलली नाही.
बाबा म्हणाले, "झाला तुमचा इज्ञान?"
मग फरझानाने उगाचच दिव्याचं बटण दाबलं.

सुई सरकली.

बंद केलं, परत आली.
पुन्हा दाबलं.
नवा दिवा, बारा व्होल्टची बॅटरी,
लाल तार थेट होकायंत्राच्या बुडाखालून,
काळी तार पार काठाकाठाने फिरून आलेली.
प्रवाह होताच.
पाण्यातला नव्हता.

आता करायचं काय? दिवा तर हवाच.
आजोबा शेजारी काथ्या वळत बसले होते,
दोन पेड, एकावर एक.
त्यांच्या हाताकडे बघता बघता मला सुचलं
की लाल तारेतून जेवढी वीज जाते
तेवढीच काळीतून उलटी येते.
दोघींच्या बांगड्याही उलट्या.
दोघींना एकत्र पिळलं, तर?

पीळ आजोबांनीच घातला. आमचा सैल पडत होता.
दिवा लागला.
सुई उत्तरेला, ढिम्म.
बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
"नारळ परत मिळल काय?"

सोमवारी बाईंनी उलटा प्रश्न टाकला.
वीज चुंबकाला हलवते,
तर चुंबक विजेला हलवील का?
तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला मीटर, आणि तोच चुंबक.
वेटोळ्यात आत नेला, काटा उडाला.
बाहेर काढला, काटा उलटा उडाला.
आत ठेवून थांबलं की शून्य.
कितीही मोठा चुंबक असो, थांबला की शून्य.
"हळू ने," बाई म्हणाल्या. काटा जेमतेम हलला.
"आता झपकन."

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला.
फरझाना तिथेच,
आत बाहेर, आत बाहेर,
वल्हं मारल्यासारखी.